विद्येचा जरीपटका

आपण ज्या वस्तीत जमलो आहोत, तिचे नाव जरीपटका. मराठ्यांच्या फौजेत या निशाणाला केवढा मान होता, हे आपण जाणताच. विद्येच्या राज्यातही असे निशाण असते. पण ते ओळखावे कशावरून? विद्यापीठाचे विद्यार्थी किती मोठ्या खुर्च्यांवर बसले, एवढ्यावरूनच काय?

खुर्च्यांच्या हिशेबात नागपूर उणे नाही. विद्यापीठ 1923 साली स्थापन झाले. मॉरिस कॉलेज त्याहून जुने, 1885 चे. तेथून 1926 मध्ये पदवी घेतलेले मोहम्मद हिदायतुल्ला नागपुरातच कायद्याचे अध्यापक झाले, 1968 मध्ये भारताचे सरन्यायाधीश आणि पुढे उपराष्ट्रपती झाले.

पण त्याच कॉलेजात वासुदेव विष्णु मिराशी संस्कृत शिकवीत. त्यांचे कर्तृत्व खुर्चीचे नव्हे, ताम्रपटांचे. आपण नागपूरचा इतिहास बहुधा भोसल्यांपासून सांगू लागतो. मिराशींनी वाकाटकांचे विखुरलेले कोरीव लेख तपासून, त्यांचा अर्थ लावून 1963 मध्ये ते एका ग्रंथात आणले. त्या लेखांतून प्रभावतीगुप्ता आपल्यापुढे उभी राहते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्य चालविले. तिचा एक ताम्रपट मिळाला पुण्यात, पण तो दिला गेला नंदिवर्धनाहून, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनाहून! हे धन घराशेजारीच होते; ते वाचणारा मात्र हवा होता.

कुसुमावती देशपांडे नागपुरात शिकल्या आणि नागपुरातच इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. शिकविले इंग्रजी, पण मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा हिशेब त्यांनी मांडला. 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाची परंपरा 1878 पासूनची. त्या पदावर बसलेली ही पहिली स्त्री. हा त्यांचा गौरव खराच, पण मराठी समाजाला लागलेल्या विलंबाची नोंदही त्यातच आहे.

पद रिकामे होते आणि पुन्हा भरते. एकदा वाचलेला लेख मात्र पुन्हा मुका होत नाही. उद्या विदर्भातल्या एखाद्या शेतात नांगराला ताम्रपट लागला, तर तो तांबटाच्या भट्टीत जाईल की अभ्यासकाच्या मेजावर येईल? हे आपल्या महाविद्यालयांतून संस्कृत आणि इतिहास मन लावून शिकणारी चार मुले निघतात की नाही, यावर ठरेल. विद्येचा जरीपटका त्यांच्याच खांद्यावर शोभेल.