हप्त्याची मोटारसायकल : मालकीच्या इतिहासातील एक प्रकरण

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांच्याकडे आपले लक्ष सहज जाते. परंतु ज्या व्यवहारांनी सामान्य माणसाचे आयुष्य रोज घडते किंवा बिघडते, त्यांनाही इतिहास असतो. आणि तो ठाऊक नसल्याची किंमत त्या सामान्य माणसालाच भरावी लागते. एखाद्या गृहस्थाने आपली वापरलेली मोटारसायकल ओळखीतल्या माणसास विकावी, निम्मी रक्कम रोख घ्यावी, उरलेली दहा महिन्यांच्या हप्त्यांनी ठरवावी आणि चहा पिऊन दोघांनी उठावे, असे सौदे आपल्या शहरांत व तालुक्यांत नित्य होतात. मध्ये बँक नसते, दलाल नसतो, पुष्कळदा कागदही नसतो. दिसण्यात हा सौदा अगदी सरळ. तथापि त्यात तीन गोष्टींची फाटाफूट होते : वस्तूचा कबजा, वस्तूची मालकी आणि वस्तूबद्दलची जबाबदारी. एकाच हातात नांदणाऱ्या या तीन गोष्टी एकमेकींपासून कशा सुटल्या, याचा मागोवा घेणे हा आजचा आमचा विषय आहे.

बैलबाजारात रोखीने बैल घेणारा शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. पैसे मोजले गेले, दावे त्याच्या हाती आले, की कबजा त्याचा, मालकी त्याची, आणि बैलाने वाटेत कोणाचे शेत खाल्ले तर भांडणही त्याचेच. अशा सौद्यात शंकेला जागा थोडी. शंका उत्पन्न होते ती उधारीने. आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋण, ठेव, दुसऱ्याची वस्तू परस्पर विकणे म्हणजे अस्वामिविक्रय, आणि खरेदीविक्रीनंतरचा पस्तावा, ही सर्व येतात. याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती चालुक्यांच्या कल्याणीत, विक्रमादित्य सहावा याच्या राज्यात. म्हणजे दख्खनच्या भूमीवरच. ओझ्याचे जनावर घेतल्यास पारखून पाहण्यास पाच दिवस, दुभत्यास तीन, बियाण्यास दहा, लोखंडास एक, अशी मुदत या स्मृतीत घालून दिली आहे. आजच्या भाषेत बोलायचे, तर वापरलेले वाहन चालवून पाहण्याचा हा हक्कच होय.

याहून महत्त्वाचे आहेत ते याच स्मृतीतले दोन नियम. पहिला असा की, आपली वस्तू दुसऱ्याने विकलेली आढळल्यास मूळ मालकाने ती परत घ्यावी. आणि ज्याने ती आडबाजूला, अवेळी किंवा फार कमी किमतीत घेतली असेल, त्या घेणाऱ्याकडे चोराच्याच नजरेने पाहावे. दुसरा नियम असा की, ऋणकोने जसजशी रक्कम द्यावी तसतशी ती खताच्या पाठीवर लिहावी, किंवा धनकोने आपल्या हाताने पावती द्यावी. आणि सर्व फिटल्यावर खत फाडून टाकावे. हप्त्याच्या व्यवहाराची सगळी शिस्त या दुसऱ्या नियमात आलेली आहे. कागद हवा, तो दोघांचा हवा, आणि काम संपल्यावर तो उरू नये.

ही शिस्त सुटली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला ज्या १८७५ सालची, त्याच सालच्या मे महिन्यात भीमथडीतील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारी जमले. पुढे हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावात लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते आणि रोखे मागून घेऊन ते जाळले गेले. कारण कागद सावकाराच्या पेटीत, भरणा मात्र शेतकऱ्याच्या स्मरणात, अशी स्थिती होती. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याने पैसे घेणाऱ्यावर लेखी पावती देण्याचे बंधन घातले आणि कर्जफेडीचे हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. एकाच बाजूचा कागद हा न्यायाचा कागद नव्हे, हा १८७५चा धडा आहे.

येथवर गोष्ट कर्जाची झाली. वस्तू आधी आणि किंमत मागून, हा सौदा मोठ्या प्रमाणावर रूढ केला तो शिवणयंत्राने. अमेरिकेत सिंगरच्या यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या पुढे होती. शिंप्याच्या किंवा गृहिणीच्या आवाक्यातली ती नव्हती. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ साली युक्ती काढली की, यंत्र भाड्याने द्यावे, भाडे किमतीत जमा धरावे, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत यंत्र कंपनीचे समजावे. यंत्र आपल्या घरात, पण आपले नव्हे. कबजा आणि मालकी यांची ताटातूट येथे रीतसर झाली.

मग प्रश्न आला, की घरात वस्तू असलेल्या माणसाने ती मध्येच विकली तर? इंग्लंडमधील दोन खटल्यांनी याचे उत्तर दिले. ‘लीविरुद्ध बटलर’ या १८९३च्या खटल्यात एका बाईने घरातले फर्निचर घेतले होते. एक पौंड मे महिन्यात आणि शहाण्णव पौंड चार शिलिंग ऑगस्टमध्ये द्यावयाचे, तोवर मालकी विकणाऱ्याची, असा करार होता. पैसे फिटण्यापूर्वीच तिने ते तिसऱ्यास विकले. न्यायालय म्हणाले, बाईने खरेदीचा करार केला होता, वस्तू मालकाच्या संमतीने तिच्याजवळ होती; तेव्हा निष्कपटपणे घेणाऱ्याची मालकी पक्की. दोन वर्षांनी, १८९५ साली, ‘हेल्बीविरुद्ध मॅथ्यूज’ हा खटला उमरावसभेपुढे गेला. तेथे वस्तू होती पियानो. दरमहा साडेदहा शिलिंगांचे छत्तीस हप्ते ठरले होते. पण घेणाऱ्यास पियानो वाटेल तेव्हा परत करण्याची मुभा होती. त्याने तो गहाण टाकला. उमरावसभेने निर्णय दिला की, परत करण्याची मुभा असल्यामुळे हा माणूस खरेदीदार नव्हे, भाडेकरीच. म्हणून पियानो मालकाकडे परत जावा. भाडेखरेदीच्या पुढील साऱ्या छापील करारांचा पाया हा पियानोच होय.

तथापि विकणाऱ्याच्या हाती आलेल्या या शस्त्राचा दुरुपयोगही झाला. पुष्कळ हप्ते भरलेल्या गरिबाचे एक-दोन हप्ते चुकले, की वस्तू उचलून नेण्यात येई. भरलेले पैसे बुडत. म्हणून १९३८ साली एलन विल्किन्सन या बाईंनी ब्रिटिश पार्लमेंटात मांडलेला कायदा संमत झाला, आणि एक तृतीयांश किंमत भरल्यावर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय वस्तू काढून घेता येणार नाही असे ठरले. आपल्याकडे विधि आयोगाने १९६१ साली भाडेखरेदीवर अहवाल दिला, १९७२ साली संसदेने कायदाही केला. पण तो कधीच अमलात आला नाही आणि २००५ साली रद्द झाला. जन्माला येऊन श्वास न घेतलेल्या कायद्याचे असे उदाहरण विरळा.

आता आपल्या मोटारसायकलीकडे वळू. मद्रासेत १९५५ साली एन्फील्डची जुळणी सुरू झाली; १९६१ साली म्हैसूरहून जावा निघू लागली; पुण्यात बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या. पण गाड्या थोड्या आणि मागणी अफाट. १९६० साली स्कूटरच्या वाटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. अशा काळात वापरलेल्या गाडीला मान असावा, आणि ती शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून, कारकुनाने शिक्षकाकडून हप्त्याने घ्यावी, हे स्वाभाविक होते. त्या व्यवहाराची तारण होती ओळख. टंचाईचे दिवस गेले, ती रीत मात्र राहिली.

या रीतीत विकणारा स्वतःच्या संरक्षणासाठी एक उपाय करतो : गाडी देतो, पण आर. सी. बुक आपल्या कपाटात ठेवतो. “शेवटचा हप्ता द्या, मग टी. टी. ओ. फॉर्मवर सही करतो,” असे तो म्हणतो. हा उपाय शहाणपणाचा समजला जातो. आमच्या मते तो इतिहासाकडे पाठ फिरवणारा आहे. तो का, ते सांगतो.

१९३०च्या माल विक्री कायद्याचा विसावा कलम पाहावा. ठराविक, तयार वस्तूचा बिनशर्त सौदा झाला की मालकी त्याच क्षणी जाते. पैसे पुढे द्यावयाचे आहेत, ही गोष्ट तेथे गौण आहे. वेगळे काही ठरले नसेल तर चहा संपण्यापूर्वीच मालकी गेली. विकणाऱ्याजवळ उरला तो किमतीचा दावा. आणि मालकी राखून ठेवण्याचे ठरले असले, तरी याच कायद्याचा तिसावा कलम ‘लीविरुद्ध बटलर’चीच वाट दाखवतो. कपाटातले बुक घेणाऱ्यास अडचणीत आणते हे खरे. पण ते विकणाऱ्यास मालक बनवत नाही.

ते त्याला बनवते केवळ जबाबदार. मोटार वाहनांच्या कायद्याने कबजा व मालकी यांच्या शेजारी तिसरी गोष्ट उभी केली आहे : सरकारी नोंदवहीतले नाव. रस्त्यावर ज्याला धक्का लागतो, त्याने भरपाई कोणाकडे मागावी, हा प्रश्न त्यामागे आहे. त्यासाठीच १ जुलै १९४६ पासून तिऱ्हाइताच्या हानीचा विमा सक्तीचा झाला. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली आलेल्या एका प्रकरणात, मोटारीच्या नोंदलेल्या मालकाचे म्हणणे होते की गाडी आपण २००७ सालीच विकली. पुढे ती आणखी हातांत गेली, आणि २००९ साली तिच्याखाली एक मूल मरण पावले. न्यायालयाने सांगितले की, नोंदीत ज्याचे नाव तो मालक. अपघातात पोळलेल्या कुटुंबाने विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही. आता कल्पना करावी, की हप्ते नियमाने येत आहेत, पण घेणाऱ्याने विमा मात्र भरला नाही. दहा हजारांच्या बाकीसाठी कपाटात जपलेले बुक विकणाऱ्याच्या राहत्या घरावर संकट आणू शकते.

भांडवलदार कंपन्यांनी हा धडा केव्हाच गिरवला. त्या नाव घेणाऱ्याचे करतात आणि नोंदीत आपला करार चढवितात. १९८८च्या कायद्याचा एकावन्नावा कलम सांगतो की, असा करार नोंदलेला असेल तर करारातल्या धनकोच्या लेखी संमतीशिवाय गाडी पुढे कोणाच्या नावे होणार नाही. म्हणजे नाव सोडले, कुलूप ठेवले. आमचा साधा विक्रेता नेमके उलटे करतो. नाव ठेवतो, आणि कुलूप मात्र त्याच्याजवळ नसते. हाच कलम गाडी हस्तांतरित झाल्यावर नव्या मालकाने केलेल्या नजरगहाणाच्या कराराचीही नोंद घ्यावयास सांगतो, आणि तो करार बँकेशीच असावा असे त्याच्या शब्दांत नाही. तेव्हा परिवहन कार्यालयात चौकशी करून तो मार्ग आधी पाहावा. तो जमला नाही, तर अधिक रक्कम रोख घ्यावी, बाकीचे स्वतंत्र खत जामीनदारासह करावे, आणि गाडी दिल्यापासून चौदा दिवसांत हस्तांतराची वर्दी द्यावी. विमा त्याच मुदतीत नव्या नावे व्हावा.

हप्ता चुकला म्हणून जादा किल्लीने गाडी रात्री घेऊन येण्याचा मोहही टाळावा. स्वतःचे गहाण टाकलेले घड्याळ पैसे न फेडता उचलून आणणे ही चोरीच होय, असे १८६०च्या दंडसंहितेने दाखला देऊन सांगितले होते. आणि गाड्या ओढून आणण्यासाठी गुंड पाठविणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली खडसावले आहे. बाकी वसूल करण्याचा रस्ता दिवाणी आहे, त्याची मुदत तीन वर्षांची आहे. आणि भरलेल्या हप्त्याची नोंद ऋणकोच्या सहीने असेल, तर १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे ती मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. खताच्या पाठीवर लिहिणारा याज्ञवल्क्याचा ऋणको येथे पुन्हा भेटतो. त्या एका ओळीने घेणाऱ्याचा भरणा सिद्ध होतो आणि देणाऱ्याचा हक्क जिवंत राहतो.

कोणी म्हणेल, ओळखीच्या माणसाशी एवढा कागदी व्यवहार कशाला? आमचे उत्तर असे की, कागद हा अविश्वासाचा पुरावा नसून विश्वासाचे आयुष्य वाढविणारे साधन आहे. सुप्याच्या शेतकऱ्याचे व सावकाराचेही पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते होते. ते विस्कटले, त्यात दोन्ही बाजूंनी पाहता येईल असा हिशेब नव्हता हेही एक मोठे कारण होते. शिवाय या सौद्यात एक तिसरा माणूसही सामील आहे, ज्याला आपण ओळखत नाही : रस्त्याने पायी चाललेला. त्याने आपल्या चहाच्या बैठकीत भाग घेतलेला नाही, हप्त्यांची त्याला कल्पना नाही. घेणारा आणि देणारा परस्परांना सवलत देण्यास मोकळे आहेत. त्याच्या वाट्याची जबाबदारी हप्त्याने देण्याचा अधिकार मात्र दोघांपैकी कोणालाही नाही.