तिसऱ्या रुळाची गोष्ट

श्रोतेहो, सिंदीच्या स्थानकावर तुमची पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी असते आणि शेजारून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते. "आपलीच गाडी का थांबते हो?" असं विचारता ना? त्याचं उत्तर जुनं आहे, बरं का.

१८६७ साली मुंबईचा रूळ वर्ध्यावरून नागपुरास पोहोचला. पुढल्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून फाटा निघाला. तीच वाट पुढे बल्लारशाहकडे वाढली, आणि १९२९ साली काझीपेटचा दुवा जुळताच दिल्ली-मद्रासची वाहतूकही इकडून सुरू झाली. मुंबई-हावड्याची तर होतीच! दोन्हींचा भार सेवाग्राम-नागपूर या एकाच टप्प्यावर आला.

आगगाडी काही बैलगाडी नव्हे, की मागून घाईचा कोणी आला तर धुऱ्याकडे वळवावी. तिला जादा रूळ हवा, तोही अख्खी मालगाडी मावेल एवढा लांब.

२०१६ साली सेवाग्राम-बल्लारशाह तिसऱ्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. नागपूरकडेही तिसरा-चौथा मार्ग आखला गेला. पण रुळाला जमीन लागते. गुरुजी, मुलांना नकाशा दाखवाल तेव्हा एवढं जरूर विचारा: ज्याचं वावर रुळाखाली गेलं, त्याच्या गावी पॅसेंजर थांबते का?