पोर्ट लुईचे म्हातारे कासव

मॉरिशसमध्ये घरी पाहुणे आले की त्यांना पांपलमूसच्या बागेत नेणे हा आपला ठरलेला कार्यक्रम. परातीएवढ्या पानांची कमळे पाहून झाली, की मुले धावतात ती कासवांच्या कुंपणाकडे. "आजोबा, हे किती वर्षांचे?" हा प्रश्न दर वेळी येतो आणि आजोबाही दर वेळी "माझ्यापेक्षा मोठे!" असे सांगून सुटका करून घेतात. यंदाच्या स्मरणिकेत त्या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर द्यावे, असे मनात आले.

गंमत अशी, की ही कासवे मूळची मॉरिशसची नाहीतच. ती सेशेल्सकडच्या अल्दाब्रा बेटाची. आपल्या बेटावर स्वतःची दोन जातींची महाकाय कासवे होती. रियुनियनला एक जात आणि रॉड्रिग्जला दोन. १६९१ साली रॉड्रिग्जवर उतरलेल्या फ्रांस्वा लेगा या फ्रेंच माणसाने लिहून ठेवले आहे, की तिथे दोन-तीन हजारांचे कळप दिसत आणि जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून शंभर पावले चालत जाता येई.

मग ही सारी कासवे गेली कुठे? उत्तर साधे आहे. माणसांनी ती खाल्ली. १५९८ मध्ये डच आले, पुढे फ्रेंच आले. अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जिवंत राहणारा हा प्राणी म्हणजे गलबतांसाठी चालते-बोलते कोठारच होते. तळघरात कासवे रचून ठेवायची आणि लागेल तसे एकेक कापायचे. त्यांच्या चरबीचे तेलही काढत. माणसांबरोबर आलेल्या डुकरांनी आणि उंदरांनी अंडी-पिल्ले फस्त केली. डोडोची गोष्ट जगाला ठाऊक आहे. पण एकोणिसावे शतक अर्धे सरेपर्यंत या पाचही जाती संपल्या, याची हळहळ फारशी कोणी केली नाही.

त्याच काळात एक वेगळी गोष्ट घडली. १७६६ साली मारियों द्यु फ्रेन या फ्रेंच दर्यावर्दीने सेशेल्सहून पाच कासवे मॉरिशसला आणली. त्यांपैकी एक पोर्ट लुईच्या लष्करी छावणीत राहिले. या कासवाला कोणी कापले नाही. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले, छावणीवरचा झेंडा बदलला, शिपाई बदलले, पण कासव तिथेच होते. एका पलटणीने दुसऱ्या पलटणीच्या हवाली करावे, असे करत ते सांभाळले गेले. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली आणि १९१८ साली तोफेच्या मोर्चातून खाली पडून ते मेले. म्हणजे नुसत्या माणसांच्या सांभाळातच त्याची १५२ वर्षे गेली. आणले तेव्हाचे वय वेगळेच!

आता जरा तारखा जुळवून पाहू. १८३४ पासून गिरमिटिया मजुरांची जहाजे मॉरिशसला येऊ लागली. रत्नागिरीकडची आपली माणसेही गाव सोडून, मुंबई बंदरातून समुद्र ओलांडून इथे आली. १८४९ पासून आजच्या आप्रवासी घाटावरच्या आगारात त्यांची नोंद होई आणि मग त्यांना उसाच्या मळ्यांवर पाठवत. ती माणसे बंदरात पाऊल टाकत होती, तेव्हा त्याच शहरात ते म्हातारे कासव छावणीच्या अंगणात चरत होते. कोणी ते पाहिले की नाही, कोण जाणे. पण देवळाच्या सभामंडपात देवासमोर दगडी कासव असते आणि त्याला हात लावून मग देवदर्शन घ्यायचे, हे ती माणसे गावाहून शिकूनच आली होती.

१८७४ मध्ये मॉरिशसच्या गव्हर्नरांकडे लंडनहून एक अर्ज आला. अल्दाब्रावरची लाकूडतोड कासवांच्या मुळावर येईल, त्यांना वाचवा, अशी विनंती त्यात होती. सह्या करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन आणि जोसेफ हूकर होते. शक्य तितकी कासवे गोळा करून मॉरिशस आणि सेशेल्सच्या सरकारी जागांत सांभाळावीत, असा पर्यायही त्यात सुचवला होता. एकेकाळी मारण्यासाठी साठवलेले कासव आता जगवण्यासाठी पाळायचे, असा हा बदल. आज अल्दाब्रावर सुमारे एक लाख कासवे आहेत.

हे पाळणे मात्र वाटते तितके सोपे नाही. मोठा नर २५० किलोपर्यंत भरतो. त्याला खोलीभर नव्हे, बागभर जागा लागते. चरायला गवत हवे, दुपारी दाट सावली हवी आणि लोळायला चिखल हवा. भर उन्हात अडकले तर ते तापून मरते. मुख्य आहार गवत आणि पाला. केळी-आंब्यांचे लाड फार झाले तर पोट बिघडते आणि लहान वयात चुकीचे खाणे मिळाले तर कवचावर उंचवटे येतात. कवच म्हणजे दगड नव्हे, त्याला संवेदना असते. म्हणून त्यावर रंग देऊ नये, भोक पाडू नये, मुलांना पाठीवर बसवू नये. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातले 'अद्वैत' हे विख्यात कासव २००६ मध्ये गेले, ते कवचाला तडा जाऊन झालेल्या जखमेनंतरच.

कासव ओरडत नाही, रडत नाही. खाणे कमी झाले, नाक वाहू लागले, पाय ओढू लागले, तर ते पाहणाऱ्यालाच कळायला हवे. कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते, अशी संतवाङ्मयातली कल्पना आहे. खरी कासवी अंडी पुरून निघून जाते! पण कासव पाळणाऱ्याला मात्र ती नजर असावीच लागते, आणि आपल्यामागे ती कोणाकडे द्यायची, हेही ठरवावे लागते. कारण तो आपल्याहून जास्त जगणार आहे.

या सांभाळण्याचे फळ पाहायचे असेल, तर माएबूरजवळच्या ईल ओ एग्रेत बेटावर जावे. तिथले आबनूस वृक्ष तोडीतून कसेबसे उरले होते, पण त्यांची फळे खाऊन बी दूर नेणारी कासवेच नव्हती. २००० साली तिथे अल्दाब्राची कासवे सोडली. त्यांनी फळे खाल्ली, विष्ठेतून बिया पसरल्या आणि आईझाडापासून लांब आबनुसाची रोपे उगवली. परक्या बेटावरून आलेल्यांनी इथल्या नामशेष झालेल्यांचे काम हाती घेतले.

जाता जाता एक विनंती. भारतात गेल्यावर कोणी 'घरात शुभ असते' म्हणून चांदणीच्या नक्षीचे छोटे कासव दाखवले, तर मोहात पडू नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ते घरी ठेवणे गुन्हा आहे. शुभ कासव हवेच असेल, तर देवळातले दगडी आहेच. आणि जिवंत पाहायचे, तर पांपलमूसला चला. नातवंडे पुन्हा वय विचारतील, तेव्हा त्यांना पोर्ट लुईच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगा.