पवनचक्कीतला गणिती

विजेच्या तारेवर चिमण्या खुशाल बसलेल्या असतात. पण पतंगाचा ओला मांजा त्याच तारेला अडकला, तर खाली उभ्या असलेल्या मुलाच्या जिवावर बेतते. असे का व्हावे? चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे विजेच्या एकाच ‘उंची’वर असतात. मुलाचा हात तारेच्या उंचीला पोचतो आणि पाय मात्र जमिनीवर असतात. विजेच्या ह्या उंचीला शास्त्रात ‘विभव’ म्हणतात. आपण व्होल्टमध्ये मोजतो तो दोन जागांच्या विभवांतला फरक होय. पण ह्या कल्पनेचे नामकरण एका गिरणीवाल्याने केले, हे किती जणांना ठाऊक असेल?

जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी १७९३ साली एका पाववाल्याच्या घरी जन्मला. आठव्या वर्षी तो शाळेत गेला आणि वर्ष-दीड वर्षातच शाळा सोडून बापाच्या भट्टीवर कामाला लागला. पुढे बापाने जवळच्या स्नेंटन येथे पवनचक्की उभारली. तेथे दळणाच्या व्यापातून वेळ काढून ग्रीनने फ्रेंच गणितपंडितांचे ज्ञान आत्मसात केले.

विद्युतभारित वस्तूचा प्रभाव तिच्या भोवताली पसरलेला असतो. त्यालाच आपण आज विद्युत्‌क्षेत्र म्हणतो. तेथे प्रत्येक ठिकाणी किती जोर लागेल आणि कोणत्या दिशेने, हे सांगायला तीन-तीन आकडे लागतात. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणाला एकच आकडा देता येतो. घाटाच्या नकाशावर जागोजागची उंची लिहिलेली असली, की पाणी कोठे कोसळेल आणि कोठे संथ वाहील हे निराळे सांगावे लागत नाही. तसेच विभव जेथे झपाट्याने उतरतो तेथे क्षेत्र प्रबळ असते. लाप्लास व प्वासाँ ह्यांनी अशी राशी आधी वापरली होती. ग्रीनने तिला नाव दिले आणि तिच्यावर विजेचे सगळे गणित उभे केले.

हा निबंध त्याने १८२८ साली स्वतःच छापला. साडेसात शिलिंग मोजणारे पन्नासेक वर्गणीदार मिळाले. त्यांतल्या सर एडवर्ड ब्रॉमहेड ह्या जाणकाराने पत्र लिहून मदत देऊ केली. पण ‘बड्या लोकांचे हे नुसते सौजन्य, त्यावर विसंबू नये,’ असे कोणी तरी ग्रीनच्या मनात भरवले, आणि त्या भिडस्त माणसाने दीड वर्षाहून अधिक काळ उत्तरच धाडले नाही! अखेर गाठ पडली. १८३३ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो केंब्रिजला पोरांच्या पंगतीत विद्यार्थी म्हणून बसला आणि १८३७ मध्ये गणितात चौथा आला. १८४१ साली तो वारला. निबंध बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता.

१८४५ साली वीस वर्षांचा विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचा लॉर्ड केल्व्हिन, ह्या निबंधाचा एके ठिकाणी उल्लेख वाचून त्याच्या शोधात होता. पॅरिसला निघण्याच्या आदल्या दिवशी आपल्या शिक्षकांकडेच त्याला प्रती सापडल्या. पॅरिसचे गणिती त्या वाचून थक्क झाले; टॉमसनने निबंध बर्लिनच्या नियतकालिकात पुन्हा छापवला, तेव्हा कोठे जगाला ग्रीन कळला.

ग्रीनला स्वतःला हे पाहायला मिळाले नाही. दिवाळीत दिव्यांची माळ उजळताना त्याची आठवण व्हावी. आणि आपल्या भोवतालचा एखादा भिडस्त जाणता आढळला, तर त्याला एक पत्र जरूर लिहावे. त्याचे उत्तर लवकर आले नाही, तरी रागावू नये.