पणजीचं नाव

दिंडीला शंभर वर्षं झाली, तर तुमच्या घराची हकिकत लिहून द्या, असं मंडळींनी सांगितलं. आम्ही चौथी शिकलेले, शेती सांभाळून कीर्तनाची सेवा करतो. जमेल तसं लिहिलं आहे.

आमच्या घरात वारी पणजोबांनी आणली, असं आम्ही कीर्तनात कैक वेळा सांगितलं. पंढरपुरात क्षेत्रोपाध्यांकडे वह्या असतात. गाव, आडनाव सांगितलं की पिढ्या निघतात. त्र्यंबकेश्वरलाही अशा नामावळ्या आहेत. वडिलांनी लहानपणी आम्हाला आमचं पान दाखवलं होतं. बापाखाली लेक, लेकाखाली नातू, सगळी गडीमाणसं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

आई-वडील गेल्यावर पितृपक्षात गुरुजींनी विचारलं, "आईचं नाव? आजीचं? पणजीचं?" दोन नावं सांगितली, तिसऱ्याला अडलो. लोकांना दोन-दोन तास हरिकथा सांगणारे आम्ही, घरच्या पणजीचं नाव येईना. मान खाली गेली.

मग नव्वदीच्या आत्याकडं गेलो. ती म्हणाली, "तिला समदी थोरली आईच म्हणायची. नाव मलाबी ठावं नाही. पर वारीला पहिली तीच गेली रं, डोईवर तुळस घेऊन. तुझ्या पणज्यानं माळ घातली ती मागनं."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही अर्धीच गोष्ट सांगत होतो.

जनाबाईंनी अभंगात आपलं नाव घातलं. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपली कहाणी स्वतःच अभंगात सांगितली, म्हणून ती राहिली. थोरली आई जात्यावर ओव्या गायची. त्यात माहेरचं गाव, भावांची नावं यायची, असं आत्या सांगते. पण गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात पडलं, ओव्या कुणी धरून ठेवल्या नाहीत. लग्नात नाव बदललं, सासरी त्या नावानंही कुणी हाक मारली नाही. मग वहीत येणार कुठून?

आता कीर्तनात आम्ही दुरुस्त करून सांगतो. या पुस्तकात जुन्या वारकऱ्यांची यादी आहे. तीत पणजोबांच्या वर एक ओळ मोकळी सोडा, पुढं फक्त 'तुळशीवाली' लिहा, असं मंडळींना सांगितलं आहे.

वाचणाऱ्या माउलींना हात जोडून विनंती. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच जवळ बसा, बायामाणसांची नावं विचारा आणि वहीत लिहा. आमची आत्या गेल्या कार्तिकीला गेली.