विहिरींच्या पाण्यातील फ्ल्युओराइड-निष्कासन

पिण्याच्या पाण्यातील फ्ल्युओराइडाचे प्रमाण सुरक्षित मर्यादेपर्यंत खाली आणण्याची प्रक्रिया. भारतीय मानकानुसार ही मर्यादा दर लिटरला १ मिग्रॅ. असून दुसरा उद्‌गम नसल्यास १·५ मिग्रॅ. पर्यंतचे पाणी चालवून घेतात. फ्ल्युओराइड याहून बरेच अधिक असल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. दीर्घकालीन सेवनाने सांधे आखडतात व पाठीचा कणा ताठ होतो. असे पाणी स्वच्छ दिसते. उकळल्याने त्यातील दोष जात नाही, उलट पाणी आटून तो वाढतो.

भारतात या विकाराची नोंद १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात झाली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर हातपंपाच्या विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. उघड्या विहिरींतून पसरणारे पटकी, नारू यांसारखे रोग टाळण्यास त्या उपयोगी पडल्या. मात्र खोल खडकात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात खनिजांतील फ्ल्युओराइड अधिक विरघळते. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील अनेक गावांत हा दोष आढळला. नागपूर जिल्ह्यात कन्हानकाठी वसलेल्या खाप्यासारख्या गावाला नदीचा पर्याय तरी असतो. नदीपासून दूरच्या वस्तीस तोही नसतो.

यावरील सर्वांत परिचित उपाय नागपूरचाच होय. तेथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. पद्धतीचे नाव आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) जिल्ह्यावरून पडले. पाण्यात चुना, विरंजक चूर्ण व तुरटी घालून सु. दहा मिनिटे ढवळतात. तुरटीपासून बनणाऱ्या ॲल्युमिनियम संयुगाच्या पुंजक्यांना फ्ल्युओराइड चिकटते व ते तळाशी बसतात. तासाभराने वरचे पाणी काढून घेतात. हे काम घरी बादलीतही करता येते.

अडचण रसायनशास्त्रात नसून व्यवहारात आहे. तुरटीची मात्रा फ्ल्युओराइड व क्षारता या दोहोंवर अवलंबून असल्याने प्रत्येक विहिरीसाठी वेगळी ठरवावी लागते. मात्रा चुकल्यास पाण्यात ॲल्युमिनियम राहते. शिवाय रोजचा गाळ कोठे टाकावयाचा, हा प्रश्न उरतोच. सक्रियित ॲल्युमिनाच्या गाळण्यांत गाळ साचत नाही. परंतु त्यांचे ठराविक काळाने पुनरुज्जीवन न केल्यास दूषित पाणी तसेच बाहेर पडते. नीरीने पुढे ॲल्युमिनियमाचे विद्युत् अग्र वापरणारी विद्युत् विच्छेदन पद्धतीही विकसित केली.