भेटीची गोधडी : ठळक नक्षीच्या कापडाला साजेशी मांडणी

बारशाच्या बाळंतविड्यात झबले-टोपऱ्याबरोबर हाताने शिवलेली गोधडी देण्याची रीत पेडणे, डिचोली परिसरातील घरांना अपरिचित नाही. पूर्वी ती जुन्या, मऊ लुगड्यांची असे. आता मोर, हत्ती किंवा होड्यांची मोठी चित्रे असलेले नवे सुती कापडही वापरले जाते. अशा वेळी मांडणी कापडावरून ठरवावी.

प्रथम चित्राचा आकार मोजावा. वीतभर मोराचे कापड चार बोटांच्या चौकोनांत कापले, तर मोर हरवतो आणि रंगाचे ठिपके उरतात. असे कापड मध्यभागी अखंड ठेवून भोवती एकरंगी पट्ट्यांची चौकट द्यावी. चित्रे लहान असल्यास प्रत्येक चौकोन चित्राहून इंचभर मोठा घ्यावा. शिलाईसाठी चारही बाजूंना पाव इंच अधिक सोडावा. कुणबी लुगड्यासारख्या चौकडीच्या कापडावर चौकडीच्या रेषेनेच धावदोरा घालावा.

अनेक रंगांच्या चिंध्या असतील, तर उत्तर कन्नडातील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ मार्गदर्शक ठरते. ती कडेपासून आत शिवत नेतात. त्यामुळे लहानमोठे तुकडे सहज सामावतात.

नवे कापड कापण्यापूर्वी धुवावे. ते आटते आणि गडद लाल रंग फिकटावर उतरतो. चित्रावर त्याच रंगाचा दोरा वापरावा. आजीच्या लुगड्याचा पदर असेल, तर तो अखंडच ठेवावा; एकदा कात्री चालली की तो पुन्हा जुळत नाही.